फ्रेमच्या पलीकडची ओ

त्या रविवारी बाबांचा कॉम्प्युटर सकाळपासून घरघरत होता. डब्याचं एका बाजूचं झाकण काढून भिंतीला टेकवलेलं, उघड्या बाजूला टेबलफॅन लावलेला, आणि डिसेंबरात फॅन म्हणून बाबा स्वेटर घालून समोर बसलेले. पडद्यावर ओळी इतक्या वेगानं वर सरकत होत्या की वाचता येत नव्हत्या, तरी ते चष्म्यातून एकटक बघत होते. आई मटार सोलत दाराशी बसली होती. "काय शिजतंय एवढं सकाळपासून?" तिनं विचारलं. "गाभा," बाबा म्हणाले. "कॉम्प्युटरचा गाभा नवीन बसवून राहिलो. जेवेपर्यंत होईल तयार." "जुन्याला काय धाड भरली होती?" बाबांनी गळ्यात अडकवलेला हेडफोन वर धरून दाखवला. बंगळूरला असलेल्या नातीशी, श्रद्धाशी, कॉम्प्युटरवरून बोलता यावं म्हणून तो त्यांनी हौसेनं आणला होता, आणि कॉम्प्युटर चालवणाऱ्या त्यांच्या जुन्या लिनक्सला तो ओळखूच येत नव्हता. "जुन्याला हे ऐकू येत नाही." आई म्हणाली, "मग दोघांची जोडी बरी जमली होती," आणि मटाराची ताटली घेऊन आत गेली. मी हसले असेन. जेवताना काय बोललो ते मला आठवत नाही, भाजी कसली होती तेही नाही. लक्षात ठेवावं असं त्या दिवसात काही नव्हतं. दुपारी मला ऑफिसचा फोन आला, परदेशातल्या कुणाचा तरी सर्व्हर पडला होता, आणि मी मोबाइल घेऊन गॅलरीत गेले. समोर वारज्यातली एक अर्धी बांधलेली इमारत होती, तिच्या गजांवर कावळे बसले होते. मी बोलत असताना बाबा गॅलरीच्या दारात आले, त्यांनी काहीतरी विचारलं, मी पंजा वर केला, त्यांनी मान हलवली आणि ते गेले. फोन संपला तेव्हा ते कापडी पिशवी घेऊन चप्पल घालत होते. "मंडईत जाऊन येतो. सांभार आणतो, उद्या वड्या करू." आमच्या इमारतीखाली गाडीवर कोथिंबीर मिळते. पण बाबा भंडाऱ्याहून पुण्याला आले त्याला तीसेक वर्षं होऊनही कोथिंबिरीला सांभारच म्हणत, आणि मंडईतल्या मथुराबाई त्यांना दर रविवारी ऐकवत, "काका, सांभार हवं तर उडप्याकडे जा, माझ्याकडे कोथिंबीर आहे." हे ऐकायला ते बसनं जात असावेत. त्या संध्याकाळी मथुराबाईंच्याच ओट्यापाशी ते खाली बसले. बाईंना वाटलं, काका पैसे शोधतायत.

पुढचे आठवडे मी नीट सांगू शकणार नाही. माणसं आली, पांढरी पातळं आली, जलदान विधी झाला, त्रिशरण म्हणताना संजयचा, माझ्या धाकट्या भावाचा, आवाज मध्येच बंद पडला आणि आईनं त्याच्याशिवाय पुढे म्हटलं. त्या पहिल्याच रात्री खोलीत जागा करायला कुणीतरी कॉम्प्युटरचं टेबल सरकवलं होतं आणि वायर ओढून काढली होती. कुणी ते मला माहीत नाही, आणि विचारण्यासारखं ते नव्हतंही. मग संजय बंगळूरला परत गेला. मी ऑफिसला जायला लागले, आणि टेबल भिंतीशी तिरकंच राहिलं. एका संध्याकाळी आईनं त्यावरून फडकं फिरवलं, वायर पुन्हा खोचली, मला म्हणाली, "सुरू तरी करून बघ." मी बटण दाबलं. पंखा फिरला, आतल्या डिस्कची ओळखीची कुरकुर झाली, आणि काळ्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात दोन अक्षरं आली. एल आणि आय. त्यानंतर काही नाही. त्या दोन अक्षरांकडे मी किती वेळ बघत उभी होते कोण जाणे. आईनं विचारलं, "चार येतात ना गं? ते मोजायचे." हो, चार येतात. बाबा ती मोजत. एल, आय, एल, ओ, म्हणजे लिलो. मशीन सुरू झालं की सगळ्यात आधी जागा होणारा आणि गाभा कुठे ठेवलाय ते दाखवून त्याला उठवणारा छोटा प्रोग्राम. त्याची एक जुनी खोड होती. तो आपलं नाव एकेक अक्षर करून लिहीत जायचा, प्रत्येक टप्पा पार पडला की एक अक्षर, त्यामुळे कुठे अडलं ते अक्षरांवरून कळायचं. दोन अक्षरं म्हणजे तो स्वतः अर्धा उठला आणि त्याचा उरलेला भाग त्याला जागेवर सापडला नाही. हे मला माहीत होतं. माझं कामच ते आहे. तरी मी मशीन बंद केलं आणि आईला म्हणाले, "रविवारी बघते." तो रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला, असे काही महिने गेले. ऑफिसात मी दुसऱ्यांची असली मशीन्स जेवायच्या सुट्टीत डबा खात खात दुरुस्त करत होते.

मला कशाची भीती वाटत होती ते संजयनं फोनवर सहज बोलून टाकलं. "ताई, बाबांनी बिघडवून ठेवलंय ते. शेवटी शेवटी त्यांचं डोकं... तुला माहितीये. त्यांच्या फाइल्स काढून घे. माझ्या ओळखीतला एक जण येईल, पुसून विंडोज टाकून देईल, आई निदान श्रद्धाशी बोलेल तरी." त्यात वाईट काही नव्हतं, संजय नेहमीच जवळचा रस्ता घेतो. पण 'शेवटी शेवटी' हे शब्द मला दिवसभर पुरले. कारण मला माहीत होतंच. त्या वर्षी बाबांनी दोनदा दूध गॅसवर ठेवून दार ओढून घेतलं होतं. बँकेत टेलिफोन नंबर विचारला तर त्यांनी येरवड्याच्या क्वार्टरमधला कधीचा बंद झालेला पाच आकडी नंबर सांगितला होता, आणि तिथली मुलगी हसली होती. इमारतीच्या वॉचमनला ते आपल्या जुन्या सहकाऱ्याच्या नावानं, गेनबा म्हणून हाक मारत. वॉचमन बिहारचा होता, तो बिचारा ओ द्यायचा. डॉक्टर म्हणाले होते, एकदा स्मरणशक्तीची तपासणी करून घेऊ, घाबरू नका. तिची तारीख बाबा गेल्यानंतरची होती. म्हणजे ती दोन अक्षरं हा त्या न झालेल्या तपासणीचा निकाल होता, असं मला वाटत होतं. आत गेले, डिस्क उघडून बघितली, आणि तिथे गोंधळ दिसला, अर्धवट लिहिलेल्या ओळी, चुकलेली नावं, भलतीकडेच ठेवलेल्या फाइल्स, तर? ज्या माणसानं टेलिफोन खात्यातल्या आयुष्यात एक लाइन मेलेली ठेवली नाही त्याच्या हाताचा शेवटचा गोंधळ मी बघायचा आणि कुणाला सांगायचा नाही. नाहीतर न बघता पुसू द्यायचं. संजयच्या ओळखीतला माणूस रविवारी संध्याकाळी येतो म्हणाला. मी हो म्हणाले, आणि त्याच रविवारी सकाळी अंघोळ करून, ओले केस तसेच ठेवून, टेबलापाशी जाऊन बसले.

बाबांची खुर्ची बसकी आहे. तिच्यावर बसलं की पडदा थोडा वर राहतो आणि मान उचलावी लागते, त्यामुळे ते नेहमी आकाशात काही शोधत असल्यासारखे दिसायचे. तशीच मान उचलून ते टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये फ्रेमसमोर उभे असायचे. मी शाळेत असताना मला एकदा त्यांनी तिथे नेलं होतं. छतापर्यंत गेलेला लोखंडी सांगाडा, त्याच्या अलीकडून शहरभरच्या तारा येतात, पलीकडून यंत्राच्या तारा, आणि मधे हजारो जोड. अलीकडे बाबा, पलीकडे गेनबाकाका. एकमेकांना दिसायचे नाहीत. यंत्रांचा खडखडाट इतका की मी कानांवर हात ठेवले होते, आणि त्या खडखडाटात बाबा ओरडत, "काढू का?" मग थांबत. पलीकडून आवाज येई, "काढा, बाबुराव!" मगच हात हलायचा. "लावू का?" "लावा!" दिवसभर हेच. एकदा ओ यायला उशीर झाला तर बाबा तार बोटांत धरून नुसते उभे राहिले, तंबाखू खायला गेलेला गेनबा परत येईपर्यंत. मी म्हटलं, "बाबा, काढा ना, तुम्हाला माहितीये ना कुठली आहे?" ते म्हणाले, "मले माहीत आहे. त्याले माहीत आहे का नाही, ते मले माहीत नाही." मग मला समजावं म्हणून शहरातल्या शब्दांत म्हणाले, "पलीकडे कुणाचा हात तारेवर असेल. ओ आल्याशिवाय आपण हात लावायचा नाही." ही रीत त्यांनी घरी आणली. फ्यूज बदलायचा असला तरी ते बोर्डाखाली उभे राहून, "मेन काढतो," म्हणत, आणि आम्ही कुणीतरी, "काढा," म्हटल्याशिवाय काढत नसत. लहानपणी मी आणि संजय त्यासाठी भांडायचो, आज ओ कोण देणार. मग ती जुनी यंत्रं गेली. नवीन एक्स्चेंज आलं, कपाटाएवढं, आवाज न करणारं. तिथे कुणाला हाक मारायची गरजच उरली नाही. गेनबाकाका लवकर निवृत्त होऊन गावी गेले आणि बाबा उरलेली वर्षं एका थंडगार खोलीत शर्टाच्या बाह्या खाली करून बसले. निवृत्त झाल्यावर त्यांनी माझ्याकडे कॉम्प्युटर मागितला. मी विंडोज टाकून देत होते, तर म्हणाले, "ज्याचं झाकण उघडता येतं तो दे."

लिनक्स ते माझ्यापेक्षा हळू शिकले आणि जास्त शिकले असं आता वाटतं. मी कामापुरतं शिकले होते. त्यांना प्रत्येक गोष्ट कुठून कुठे जाते ते बघायचं असायचं. मी एकदा सांगितलं, "बाबा, तो लिलो काढून टाका, आता ग्रब आलाय. लिलोला स्वतःहून काही वाचता येत नाही. तुम्ही फाइलमध्ये बदल केलात तरी त्याला पत्ता लागत नाही, प्रत्येक वेळी कमांड देऊन सांगावं लागतं की बाबा रे, सामान हलवलंय, नवी जागा लिहून घे. ग्रब आपला आपण वाचतो." बाबांनी विचार केला. "म्हणजे न विचारता?" "हो." "नको मग. सांगितल्यावर ऐकतो तो बरा." आणि ते कमांड देताना मला हाक मारायला लागले. लिलोच्या त्या कमांडनं डिस्कच्या अगदी पहिल्या जागेवर लिहिलं जातं, तिथे चूक झाली तर मशीन उठतच नाही, म्हणून ते त्याला 'लिहिणं' म्हणत. "शर्मिला, लिहू का?" मी स्वयंपाकघरातून म्हणायची, "बाबा, इथे पलीकडे गेनबा नाहीये, नुसता कॉम्प्युटर आहे." "म्हणूनच. गेनबाचं चुकलं तर त्याले शिव्या तरी देता यायच्या." मग कधी आईच ओरडायची, "लिहा एकदाचं, चहा निवतोय!" ते मात्र तिची ओ मोजत नसत. "तिला काय कळतं," असं म्हणायचे नाहीत, पण थांबायचे. मी "हं," म्हटलं की कळफलकावर एक बोट वाजायचं. मी नेहमी 'हं' म्हणायची. फार तर 'करा हो.' ते जे विचारत होते त्याचं नेमकं उत्तर मी कधीच दिलं नाही. मोठी झालेली, एका कंपनीत टीम सांभाळणारी बाई आपल्या घरात 'लिहा' म्हणून ओरडेल का, असं काहीतरी माझ्या मनात असणार. तेव्हा त्याचा विचारही केला नव्हता.

मासिकाबरोबर मिळालेल्या एका सीडीवरून मी मशीन उठवलं. ही सीडी डिस्कला हात न लावता स्वतःच सुरू होते आणि मग डिस्क उघडून दाखवते. मग बाबांची डिस्क उघडली. सुरुवातीच्या फाइल्ससाठी राखलेला कप्पा मी आधी बघितला. तो लहान आहे, मीच कधीतरी घाईनं लहान पाडला होता. नवा गाभा मोठा होता, त्यात दोन्ही मावणार नव्हते. बाबांनी जुना गाभा आणि त्याच्याबरोबरचं लिलोचं सामान मोठ्या कप्प्यात हलवून 'जुने' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलं होतं. टाकलं नव्हतं. मोकळ्या जागेत नवा गाभा होता आणि त्याच्या शेजारी लिलोच्या सामानाची नवी प्रत होती. इथपर्यंत ठीक. मग मी लिलोची फाइल उघडली, जिच्यात कुठे काय ठेवलंय ते लिहायचं असतं. आई मागे मोरीत कपडे धूत होती, धुण्याचा आवाज येत होता, तो थांबला की मी थांबत होते. फाइलमध्ये दोन नावं होती, 'नवा' आणि 'जुना', इंग्रजी अक्षरांत. नव्याखाली नव्याचा पत्ता. जुन्याखाली त्या 'जुने' फोल्डरचा पत्ता, कारण नवं चाललं नाही तर परत येता आलं पाहिजे. मी एकेक अक्षर बोट लावून वाचलं. एक पूर्णविराम चुकलेला नव्हता. मला विश्वास बसेना, म्हणून लिलोला विचारलं. तो नुसती तपासणी करून सांगतो, काही न लिहिता. त्यानं दोन्ही नावं दाखवली, तक्रार केली नाही. ज्या हातानं दूध गॅसवर ठेवून दार ओढून घेतलं होतं त्याच हातानं हे केलं होतं, आणि माझ्या टीममधली पोरं असं करत नाहीत. ती जुनं टाकून देतात. मी खुर्चीत मागे टेकले. रडू येईल असं वाटलं होतं. त्याऐवजी भूक लागली.

फक्त शेवटची कमांड दिलेली नव्हती. लिलोनं स्वतःसाठी केलेल्या खुणांची फाइल त्या डिसेंबरच्या आधीच्या उन्हाळ्यातली होती, त्यानंतर तिला कुणी हात लावला नव्हता. सामान हलवलं, नवं ठेवलं, पत्ता लिहिला, आणि लिलोला सांगायचं राहिलं. मशीन चालू होतं तोवर काही बिघडणार नव्हतं. वायर ओढली गेली, आणि पुढच्या वेळी तो जुन्या जागी आपला उरलेला भाग शोधायला गेला आणि दोन अक्षरांवर थांबला. कारण कळलं होतं. तरी तेवढं एक मला टोचत राहिलं. एवढं सगळं करून जो माणूस शेवटचं एकच काम विसरतो, तो विसरायलाच लागला होता असंच नाही का? तपासणीत डॉक्टर असंच काहीतरी विचारणार होते म्हणे, तीन गोष्टी सांगायच्या आणि शेवटची आठवते का बघायचं. मग संजयचं खरं होतं. थोडंसं, शेवटच्या एका ओळीपुरतं.

आई हात पुसत दारात आली. "उठलं का?"

"उठेल. एकच काम राहिलं होतं, आई. सगळं बरोबर केलं होतं त्यांनी. शेवटी लिहायचं तेवढं विसरले."

"विसरले?" आईनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी परक्या माणसाबद्दल बोलते आहे. "विसरतील कशाला? तुला विचारायला आले होते की."

"कधी?"

"त्याच दिवशी. तू गॅलरीत फोनवर होतीस. तू हात दाखवलास, थांबा म्हणून. मी म्हटलं, अहो, लिहून टाका, ती काय नको म्हणणार आहे? तर म्हणाले, ओ आली नाही अजून. कामात आहे पोरगी. मंडईतून आलो की विचारतो." आईनं ओला पदर कमरेला खोचला. "नुसता पडदा बंद केला नि पिशवी मागितली. मशीनला हात लावू नको म्हणाले, ते थांबून आहे."

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मला गॅलरीचं दार आठवलं, त्यात उभे असलेले बाबा, स्वेटरची वरची गुंडी लावलेली, आणि त्यांचे ओठ हलले होते ते. शब्द मी ऐकले नव्हते. आता ऐकू आले, कारण दुसरे कुठले असणारच नव्हते. आणि त्यांचं ते मान हलवणं. मी इतके दिवस ती मान आठवत होते, त्या मानेत मला दुखावलेपण दिसत होतं, आणि ते तिथे नव्हतंच. गेनबा तंबाखू खायला गेला तेव्हा तार बोटांत धरून उभा राहिलेला माणूस रागावला नव्हता. पलीकडे आपलं माणूस आहे आणि ते परत येणार आहे, एवढं त्याला ठाऊक होतं. सगळ्या घरातून त्यांनी पलीकडे उभं केलं होतं ते मला. आईची ओ न मोजता माझी मोजायचे. मी 'हं' म्हणत होते तेव्हाही ते मला फ्रेमच्या पलीकडचं माणूस समजत होते, आणि मी ते घरातलं एक गमतीचं खूळ समजत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं बहुतेक, पण आत कुठेतरी काही सैल झालं होतं, खूप वेळ धरून ठेवलेली बोटं सोडावीत तसं. ते विसरले नव्हते. शेवटच्या दुपारी त्यांना सगळं आठवत होतं, जुनं कुठे ठेवलंय, नवं कुठे ठेवलंय, परत यायचं झालं तर कुठून यायचं, आणि कुणाला विचारायचं राहिलंय.

मी मोबाइल उचलून संजयला फोन लावला. "तुझ्या माणसाला नको म्हणून सांग."

"म्हणजे? झालं सुरू?"

"होईल. बाबांनी काही बिघडवलेलं नाही. काहीही नाही, ऐकतोयस ना? श्रद्धाला संध्याकाळी कॉम्प्युटरपाशी बसव. आजीला बोलायचंय."

मग तो म्हणाला, "ताई, खरंच काही नाही?" त्या आवाजावरून मला कळलं की तोही इतके दिवस तेच घेऊन फिरत होता. "खरंच," मी म्हणाले. "ये एकदा. दाखवते."

फोन ठेवून मी कमांड टाइप केली. चारच अक्षरं, मशीन सुरू होताना येतात तीच. शेवटी एंटर दाबायचा. तर्जनी त्या कळीवर ठेवली, कळ थोडी खाली गेली, पण पुरती नाही, आणि मी थांबले. समोरच्या इमारतीच्या गजांवर आता भिंती चढल्या होत्या, एका खिडकीला पडदासुद्धा लागला होता. हेडफोन टेबलाच्या खिळ्याला लटकत होता, त्याचा स्पंज अजून नवा होता.

"आता कशाला थांबलीस?" आई म्हणाली.

मी त्या बसक्या खुर्चीत मान उचलली, छतापर्यंत गेलेल्या सांगाड्याच्या पलीकडे ऐकू जायला हवं तेवढ्या मोठ्यानं, खाली स्कूटरवाल्याला आणि जिन्यातल्या वॉचमनलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

"लिहा, बाबा."